१७६६३१९०४९: ३९ पासून उगवलेली दहा अंकी संख्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ६१ × २२६१५३९८०² + १ = १७६६३१९०४९² असं तुम्ही वाचलंत. खात्री करायला स्प्रेडशीटमध्ये डावीकडचा १ सोडून दोन्ही बाजू मांडल्या आणि वजाबाकी केली, तर उत्तर १ यायच्या ऐवजी ० आलं. मग चूक कोणाची, विधानाची की संगणकाची? त्यापुढे तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: ही दहा अंकी संख्या मूळ संख्या आहे का, आणि ६१ सारख्या साध्या संख्येसाठी उत्तर इतकं अवाढव्य का?

मी संख्या-सिद्धान्त (पूर्ण संख्यांच्या गुणधर्मांचं गणित) शिकवतो आणि ही संख्या माझी अतिशय आवडती आहे, त्यामुळे उत्तर लांबेल. कागद-पेन्सिल जवळ ठेवा. इथलं जवळजवळ सगळं हाताने तपासता येतं आणि तपासण्यातच त्याचा आनंद आहे.

आधी ते शून्य. विधान बरोबर आहे. डाव्या बाजूचा गुणाकार, १ मिळवण्यापूर्वी, ३११९८८२९८२८६०२६४४०० इतका येतो आणि उजवीकडचा वर्ग ३११९८८२९८२८६०२६४४०१. दोन्ही एकोणीस अंकी. स्प्रेडशीट संख्या साठवते ती ५३ द्विमान अंकांच्या जागेत, म्हणजे दशमान पद्धतीत साधारण पंधरा-सोळा अंक पुरतात. इतक्या मोठ्या टप्प्यावर त्या पद्धतीत लागोपाठच्या दोन साठवता येण्याजोग्या संख्यांमध्ये ५१२ चं अंतर असतं. मधल्या सगळ्या संख्या जवळच्या खुणेवर ढकलल्या जातात. आपल्या दोन्ही संख्या एकाच खुणेवर जाऊन बसतात आणि वजाबाकी शून्य येते.

पण हे समजायला संगणकाची अंतर्गत रचना माहीत असायचीही गरज नव्हती. शेवटचे दोन अंक बघा. ४९ चा वर्ग २४०१, म्हणून उजवी बाजू ०१ ने संपणार. २२६१५३९८० च्या शेवटी एक शून्य आहे, म्हणून त्याच्या वर्गाच्या शेवटी दोन शून्यं, आणि ६१ ने गुणलं तरी ती तशीच राहणार. ०१ आणि ०० ने संपणाऱ्या दोन संख्या समान कशा असतील? शिवाय त्या खरंच समान असत्या तर ६१ चं वर्गमूळ अपूर्णांकात अचूक लिहिता आलं असतं, आणि ते अशक्य आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे आवर्जून करायला लावतो: यंत्राचं उत्तर स्वीकारण्याआधी शेवटचे अंक आणि नऊने भागून येणारी बाकी बघा.

इतक्यावरून फरक शून्य नाही एवढंच कळतं. तो बरोबर १ आहे हे दाखवायला एकोणीस अंकी गुणाकार करत बसू नका. आपल्या दहा अंकी संख्येतून १ वजा करा: १७६६३१९०४८. तिचं निम्मं ८८३१५९५२४, आणि हा पूर्ण वर्ग आहे, २९७१८ चा. आता त्याच दहा अंकी संख्येत १ मिळवा: १७६६३१९०५०. तिचं निम्मं ८८३१५९५२५, आणि हे ६१ × ३८०५². दोन्ही गुणाकार पाच मिनिटांत हाताने होतात. म्हणजे ८८३१५९५२४ आणि ८८३१५९५२५ या लागोपाठच्या संख्यांपैकी पहिली पूर्ण वर्ग आहे आणि दुसरी एका वर्गाची ६१ पट. कोणत्याही संख्येचा वर्ग वजा १ म्हणजे तिच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या संख्यांचा गुणाकार. इथे तो गुणाकार २ × २९७१८² × २ × ६१ × ३८०५², म्हणजेच ६१ × (२ × २९७१८ × ३८०५)². कंसातला गुणाकार करून बघा, २२६१५३९८० येतो. सिद्धता संपली, आणि नऊ अंकांपलीकडची एकही संख्या गुणावी लागली नाही.

हे २९७१८ आणि ३८०५ आले कुठून? तिथेच या संख्येचं खरं मर्म आहे. मोठ्या संख्येकडे नुसतं टक लावून बघितलं तर फार काही हाती लागत नाही. ती कशी तयार झाली हे कळलं की तिचे गुणधर्म एकेक करून उलगडतात. म्हणून तिच्या जन्माकडे वळतो.

भास्कराचार्यांनी आपल्या ‘बीजगणित’ या ग्रंथात विचारलं आहे: मित्रा, कोणत्या वर्गाला ६७ ने गुणून एक मिळवला की वर्गच येतो, आणि कोणत्या वर्गाला ६१ ने? काळ इसवी सन ११५० चा. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा, आणि छत्तिसाव्या वर्षी सिद्धान्तशिरोमणी रचल्याचं त्यांनी स्वतःच सांगितलं आहे. आपलं गाव सह्य पर्वताच्या आश्रयाला असल्याचंही ते लिहितात. चाळीसगावजवळच्या पाटणला भाऊ दाजी लाडांना जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, शके ११२८ ची. त्या मठात बसून कोणीतरी याच ६१ वर पाटी घासली असेल, असं मला नेहमी वाटतं.

या प्रकारच्या प्रश्नाला वर्गप्रकृती म्हणतात. ६१ ही प्रकृती. ज्याला प्रकृतीने गुणायचं त्या वर्गाचं मूळ कनिष्ठ, उत्तरात येणाऱ्या वर्गाचं मूळ ज्येष्ठ, आणि मिळवायची ती संख्या म्हणजे क्षेप. ज्येष्ठ ज, कनिष्ठ क लिहू. आपल्याला हवंय ज² − ६१क² = १.

ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्येच या प्रश्नाची किल्ली देऊन ठेवली होती. तिचं नाव भावना. दोन तिकड्या घ्या: एकीत ज्येष्ठ ज, कनिष्ठ क, क्षेप ख, दुसरीत झ, ग, घ. त्यांच्यापासून तिसरी तिकडी बनते. ज्येष्ठ जझ + ६१कग, कनिष्ठ जग + कझ, आणि क्षेप खघ. विस्तार करून बघा, अचूक जुळतं. म्हणजे उत्तरांचा आपसात गुणाकार करता येतो आणि क्षेपही गुणले जातात. संख्यांच्या अभ्यासात इतका लांबचा पल्ला गाठणारं दोन ओळींचं सूत्र मला तरी दुसरं सांगता येणार नाही.

आता तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते इथे सहज बसतं. ६१ चे शेजारी बघा. ६० साठी उत्तर ३१ आणि ४ (९६१ − ९६० = १). ६२ साठी ६३ आणि ८. ६३ साठी ८ आणि १. सगळी बोटावर मोजता येण्याजोगी, आणि मध्येच ६१ साठी बावीस कोटींच्या पुढचं कनिष्ठ. शंभराच्या आत इतकं मोठं उत्तर दुसऱ्या कोणत्याच प्रकृतीचं नाही. प्रत्येकाची सुरुवात जवळच्या वर्गापासून, ६४ पासून होते. ६३ साठी ६४ − ६३ = १, काम संपलं. ६२ साठी क्षेप २ येतो. तिकडीची तिच्याशीच भावना केली की क्षेप ४ होतो, दोन्ही मुळांना २ ने भाग जातो आणि ६३, ८ हाती येतात. ६० साठी क्षेप ४. मुळांना २ ने भागा, ४ आणि १/२ येतात, पुन्हा स्वतःशी भावना करा: ३१ आणि ४. क्षेप १, २ किंवा ४ आला, धन असो वा ऋण, की ब्रह्मगुप्ताच्या रीतीने उत्तर झटक्यात मिळतं. ६१ साठी मात्र ६४ − ६१ = ३, आणि तिथे ही जवळची वाट बंद होते.

आता ६७ पण बघा: ६४ − ६७ = −३. पुन्हा तीनच! भास्कराचार्यांनी एकाच श्लोकात मांडलेल्या दोन्ही प्रकृती नेमक्या त्या आहेत जिथे पहिल्या पावलावर जुनी रीत अडते. मला हा योगायोग वाटत नाही. शिक्षक उदाहरणं निवडतो तेव्हा ती कशासाठी निवडली हे उदाहरणातच दिसतं. (६७ चं उत्तर ४८८४२ आणि ५९६७. तेही आधी स्वतः काढून बघा.)

अडलेली वाट मोकळी करते ती चक्रवाल रीत. भास्कराचार्यांच्या आधी जयदेव नावाच्या गणितज्ञाने ती दिली होती. त्याचे श्लोक उदयदिवाकराच्या १०७३ मधल्या टीकेत टिकून राहिले आहेत. ६१ वर ती चालवून बघू. हातात आहे ज्येष्ठ ८, कनिष्ठ १, क्षेप ३. कोणतीही पूर्ण संख्या म घेतली तर म, १, म² − ६१ ही आपोआप एक तिकडी असते. दोघींची भावना केली की ज्येष्ठ ८म + ६१, कनिष्ठ म + ८, क्षेप ३(म² − ६१). आता म असा निवडायचा की म + ८ ला ३ ने भाग जाईल, आणि त्यातल्या त्यात म² हा ६१ च्या सर्वांत जवळ राहील. १, ४, ७, १० हे उमेदवार, त्यांत ७ सरस. मग ज्येष्ठ ११७, कनिष्ठ १५, क्षेप −३६. मुळांना ३ ने आणि क्षेपाला ९ ने भागा: ३९, ५, −४. पडताळा: १५२१ − १५२५ = −४.

एका पावलात क्षेप ३ वरून −४ वर आला, आणि ४ म्हटलं की ब्रह्मगुप्ताची वाट पुन्हा खुली. मुळांना २ ने भागा: ३९/२, ५/२, क्षेप −१. अपूर्णांकांना घाबरू नका, ते जाणार आहेत. या तिकडीची स्वतःशी भावना: १५२३/२, १९५/२, क्षेप +१. तिची पुन्हा मागच्या तिकडीशी भावना: २९७१८, ३८०५, क्षेप −१. अपूर्णांक गेले, आणि आपल्या ओळखीच्या दोन संख्या समोर आल्या. शेवटी हिची स्वतःशी भावना: १७६६३१९०४९, २२६१५३९८०, क्षेप +१.

एवढंच. एक चक्रवालाचं पाऊल आणि तीन भावना. कनिष्ठ १, २, ३ असं एकेक तपासत गेलो असतो आणि दर सेकंदाला एक, दिवसरात्र न थांबता तपासलं असतं, तर सात वर्षांहून जास्त काळ लागला असता.

आता या जन्मकथेतून गुणधर्म कसे निघतात ते बघा. सगळी शिडी ३९ वर उभी आहे. १५२३ म्हणजे ३९² + २. आणि शेवटची संख्या म्हणजे १५२३/२ या तिकडीची स्वतःशी तीनदा भावना. क्षेप १ असलेल्या तिकडीचं ज्येष्ठ ज असेल तर तिप्पट भावनेचं ज्येष्ठ ४ज³ − ३ज येतं. अकरावी-बारावीत शिकलेलं कोसाइनचं तिप्पट कोनाचं सूत्र आठवलं का? तेच ते. ज = १५२३/२ घातलं की मिळतं १५२३ × (१५२३² − ३)/२, म्हणजे १५२३ × ११५९७६३. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: १७६६३१९०४९ ही मूळ संख्या नाही. ऋण ४ क्षेपासाठी ब्रह्मगुप्ताने जो नियम सांगितला, त्याच्या मांडणीतच हा अवयव उघड दिसतो. तो नियम आजच्या भाषेत असा: जुनं ज्येष्ठ ३९ घ्या, वर्गात २ मिळवा, आणि त्याला (वर्ग + १)(वर्ग + ३)/२ − १ ने गुणा. इथे तो दुसरा गुणक १५२२ × १५२४/२ − १ = ११५९७६३.

समजा ही शिडी माहीत नसती आणि नुसती संख्याच हातात असती, तर? तरीही हाताने अवयव पाडता येतात, आणि ती पद्धत शिकण्यासारखी आहे. आपली संख्या २ × २९७१८² + १ आहे हे आपण वर पाहिलं. एखादी विषम मूळ संख्या तिला नि:शेष भागत असेल तर त्या मूळ संख्येच्या जगात −२ हा वर्ग ठरतो (म्हणजे कोणत्या तरी वर्गात २ मिळवले की तिने नि:शेष भाग जातो), आणि असं फक्त ८ ने भागून १ किंवा ३ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांच्या बाबतीतच घडतं. हा वर्गशेषांचा जुना सिद्धान्त आहे. त्यामुळे ५, ७, १३, २३, २९, ३१, ३७, ४७, ५३ यांनी भागून बघायचीच गरज नाही. साठीच्या आत उरतात ३, ११, १७, १९, ४१, ४३ आणि ५९.

३ ने जात नाही: अंकांची बेरीज ४६. ११ साठी उजवीकडून एकाआड एक वजा-अधिक करा: ९ − ४ + ० − ९ + १ − ३ + ६ − ६ + ७ − १ = ०. जातो! भागाकार १६०५७४४५९. पुढे १७, १९, ४१, ४३ जात नाहीत, ५९ जातो, आणि उरतात २७२१६०१.

इथे नुसतं भागत बसलो तर खूप वेळ जाईल, कारण पुढचा अवयव हजाराच्या पलीकडे आहे. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची रीत वापरू: संख्येपेक्षा किंचित मोठा वर्ग घ्यायचा, फरक पूर्ण वर्ग आहे का बघायचं, नसेल तर पुढचा वर्ग घ्यायचा. १६५० च्या वर्गापासून सुरुवात. फरक ८९९. अरेरे, ९०० ला एकच कमी! १६५१ ला ४२००, १६५२ ला ७५०३, १६५३ ला १०८०८, १६५४ ला १४११५. एकही वर्ग नाही. १६५५ ला १७४२४, आणि हा १३२ चा वर्ग आहे. सहाव्या प्रयत्नात काम झालं. अवयव १६५५ − १३२ आणि १६५५ + १३२, म्हणजे १५२३ आणि १७८७. दोन्ही मूळ संख्या आहेत. १५२३ साठी ३७ पर्यंतच्या आणि १७८७ साठी ४१ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून खात्री करता येते.

तेव्हा १७६६३१९०४९ = ११ × ५९ × १५२३ × १७८७. चार वेगवेगळ्या मूळ अवयवांमुळे विभाजक सोळा. त्यांची बेरीज १२ × ६० × १५२४ × १७८८ = १९६१९३६६४०. स्वतःला वगळून उरलेल्या विभाजकांची बेरीज संख्येच्या मानाने अगदी तोकडी आहे, त्यामुळे परिपूर्ण संख्यांशी तिचा संबंध नाही. आता चारही अवयवांना २४ ने भागा. ११ ची बाकी ११, ५९ ची ११, १५२३ ची ११, १७८७ ची ११! यातलं काही शिडीतून सिद्ध होतं: ११५९७६३ च्या अवयवांची २४ ने भागून येणारी बाकी १ किंवा ११ च असू शकते. १५२३ चं जुळणं मात्र बोनस समजा. चारही अवयव ४ ने भागल्यावर ३ बाकी ठेवतात, म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येत नाही. तिच्या पोटातल्या ८८३१५९५२५ चं नेमकं उलटं आहे. ती २९७१८² + १², दोन वर्गांची बेरीजच. कनिष्ठाचे अवयवही देतो: २² × ३² × ५ × १३ × १२७ × ७६१.

या जोडीचा व्यवहारात उपयोग काय, असं कोणी विचारलं तर मी वर्गमूळ दाखवतो. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा. ज² − ६१क² = १ असल्यामुळे ज/क आणि √६१ यांतला फरक साधारण १/(२ज × क) इतकाच राहतो. २ज × क म्हणजे जवळजवळ आठवर सतरा शून्यं. म्हणून भागाकार ७.८१०२४९६७५९०६६५४३९ इथपर्यंत, दशांशचिन्हानंतर सतरा स्थळं, √६१ शी तंतोतंत जुळतो. मघाची स्प्रेडशीट यातले शेवटचे अंक दाखवूच शकणार नाही. बाराव्या शतकातल्या एका उदाहरणाची अचूकता आपल्या रोजच्या साधनापेक्षा पुढे आहे, हे बघून मला दर वेळी भरून येतं.

युरोपात हाच प्रश्न १६५७ साली उठला. फर्माने फ्रेनिकल या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्रात उदाहरणं म्हणून दिलेल्या संख्या होत्या ६१ आणि १०९. भास्कराचार्यांच्या ग्रंथाची त्याला माहिती असण्याची शक्यता नव्हती. कोलब्रुकचं इंग्रजी भाषांतर आलं १८१७ मध्ये. इंग्लंडमध्ये ब्राउंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली, ऑयलरने गैरसमजातून तिला पेलचं नाव चिकटवलं, आणि प्रत्येक अवर्ग प्रकृतीला उत्तर असतंच हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केलं. चक्रवाल कधीच अडकत नाही, दर वेळी १ वर पोचतेच, याची सिद्धता मात्र १९३० च्या सुमारास ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी दिली. कवी ए. के. रामानुजन यांचे ते वडील. पाठ्यपुस्तकांत आजही पेलचं समीकरण हेच नाव छापलं जातं, ज्याने यात काही केलं नाही त्याचं. निदान मराठीत लिहिताना तरी आपण वर्गप्रकृती म्हणावं, असा माझा आग्रह आहे.

६१ चं हे सर्वांत लहान उत्तर आहे, एकमेव नव्हे. स्वतःशी भावना केली की पुढचं मिळतं: ६२३९७६५९६५७२०५२८८०१ आणि ७९८९२०१६५७६२३३००४०. अशी उत्तरं अगणित आहेत आणि सगळी पहिल्यातूनच निघतात. ‘६१ च का’ याचं याहून खोलवरचं कारण हवं असेल तर √६१ चा सतत अपूर्णांक काढा (पूर्णांक भाग बाजूला काढायचा, उरलेल्याचा व्यस्त घ्यायचा, आणि हेच पुन्हा पुन्हा): ७ नंतर १, ४, ३, १, २, २, १, ३, ४, १, १४ आणि पुन्हा तेच. अकरा पदांचं आवर्तन आणि तेही विषम, म्हणून एका फेरीअखेर क्षेप −१ येतो आणि +१ साठी दुसरी फेरी मारावी लागते. चक्रवालाने आणि भावनेने त्यातली बरीच पावलं गाळली. पण प्रकृतीकडे नुसतं बघून उत्तर किती मोठं येईल हे सांगणारं साधं सूत्र नाही.

आता स्वतः करायचं असेल तर फर्माचं १०९ घ्या. चक्रवाल चालवत गेलात की २६१² − १०९ × २५² = −४ या पायरीवर याल. पुन्हा तोच ऋण ४, म्हणून शिडीही तीच. २६१² + २ = ६८१२३, आणि ६८१२३ × (६८१२३² − ३)/२ केलंत की १५८०७०६७१९८६२४९ हे ज्येष्ठ मिळतं; त्याचं कनिष्ठ १५१४०४२४४५५१००. ही पंधरा अंकी संख्या ६८१२३ ने नि:शेष भागली जाते हे भागाकार न करताच कळलं. ६८१२३ ला आणखी ११ ने भाग जातो, भागाकार ६१९३. उरलेला गुणक २३२०३७१५६३ आहे. त्याचे अवयव पाडताना ८ ने भागून येणाऱ्या बाकीची तीच चाळणी लावा. ती इथेही चालते, कारण या ज्येष्ठातून १ वजा करून निम्मं केलं की पुन्हा पूर्ण वर्गच मिळतो.